बोर्गहिल्डच्या घराचा नंबर

आम्ही बोर्गहिल्डचं घर घेतलं तेव्हा घरासोबत तिची लोखंडी शेगडी आणि तिचा टेलिफोन नंबर आमच्या पदरात पडला. बोर्गहिल्ड आदल्या वर्षी वारली होती. नंबर बदलून घ्यायचा म्हणजे शहरात जाऊन अर्ज करायचा, म्हणून माझा नवरा आयविंड म्हणाला, "राहू दे ना तोच. मेलेल्या बाईला कोण फोन करणार आहे?"

करणाऱ्या होत्या.

आयविंड समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करतो. दोन आठवडे तिकडे, मग काही दिवस घरी. तो तिकडे गेला की या किनाऱ्यावरच्या गावात मी आणि आमची तिरिल, दोघीच. तिरिल तेव्हा दीड वर्षाची होती. त्या सकाळी मी तिला लापशी भरवत होते, आणि तिला भरवणं हे माझं पूर्णवेळ काम होतं. दोन-चार चमचे झाले की ती दमायची, कपाळावर घाम यायचा, आणि मी चमचा तसाच धरून तिच्या ओठांचा रंग बघत राहायचे. तिच्या हृदयात जन्मापासून एक छिद्र होतं. डॉक्टर म्हणाले होते, अशी छिद्रं पुष्कळदा आपली आपण बुजतात, थोडी वाट बघू. नाहीच बुजलं तर उघडून शिवून टाकू. 'उघडून शिवून टाकू' हे त्यांनी असं म्हटलं, जणू उशीच उसवलीय. गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

फोन वाजला. मी उचलला.

"मालेना बोलतेय," पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज. "ओलाफ घसरला अंगणात. खुब्याचं हाड. नेलाय त्याला शहरात. मागणं असं की, त्याने तोंड बंद ठेवावं आणि डॉक्टरांना त्यांचं काम करू द्यावं. पुढे गुड्रुनला."

फोन बंद. मी हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं.

दुसरी कुणी असती तर खांदे उडवून पुन्हा लापशीकडे वळली असती. पण निरोप अडवून ठेवायची छाती माझ्यात नाही. ओलाफ कोण हे मला माहीत नव्हतं, तरी दिवसभर त्याचा खुबा माझ्या डोक्यात दुखत राहिला असता. मी टेलिफोनची डिरेक्टरी काढली. गावात गुड्रुन दोन निघाल्या.

पहिल्या गुड्रुनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्हाला ती दुसरी हवी," ती म्हणाली. "आम्ही वरच्या प्रार्थनाघरातले. आम्ही वर थेट बोलतो, मध्ये एक्स्चेंज लागत नाही."

दुसरीने फोन उचलताच विचारलं, "एवढा उशीर?"

"मी बोर्गहिल्डच्या घरातून बोलतेय. सिग्ने माझं नाव. पण मी—"

"घर कळलं. निरोप काय आहे?"

मी निरोप सांगितला. मग धीर करून विचारलं की ही काय भानगड आहे.

"साखळी आहे," गुड्रुन म्हणाली. "कुणी आजारी पडलं, कुणावर काही आलं, की मालेनाला कळतं. तिला सगळं आधी कळतं. ती तुला सांगते, तू मला, मी पुढे. नाव सांगायचं आणि मागणं सांगायचं. नुसतं नाव सांगून भागत नाही. मग जिने तिने आपापल्या घरी प्रार्थना करायची."

"पण बोर्गहिल्ड तर वारली."

"हो, मी होते ना मातीला. केक मीच केला होता."

"मग मालेना सरळ तुम्हालाच का नाही फोन करत?"

"मालेना आणि मी बोलत नाही," ती म्हणाली. "प्रार्थनाघराच्या जत्रेत ती सगळ्यांसमोर म्हणाली की माझी कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. तेव्हापासून बोर्गहिल्डच मध्ये होती. बरं, ठेवते. मला ओलाफचं करायचंय."

म्हणजे झालं होतं असं. बोर्गहिल्ड गेली तेव्हा साखळीतली तिची जागा कुणाला द्यायची, हा विचार कुणी केलाच नव्हता. जागा माणसाची नसून घराची आहे, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. त्या घरात जी बाई राहील ती फोन करील. ती बाई कसली आहे, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मी कसली आहे तर, नास्तिक आहे. नुसती चर्चमध्ये न जाणारी नव्हे. तसे तर आमच्याकडे निम्मे लोक असतात, नाताळला जाऊन येतात आणि बाकी वर्षभर विसरतात. माझे बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि त्यांनी चर्चमधून नाव कमी करून घेतलं होतं. मी विद्यापीठात जीवशास्त्र शिकले. तिरिलचा बाप्तिस्मा आम्ही केला नाही. घरी चार मित्र बोलावून नाव ठेवलं. बुडत्याला काडीचा आधार वाटतो हे बाबांना मान्य होतं. ते म्हणायचे, बुडत्याला हसू नये, पण काडीची पूजाही करू नये.

आयविंडला फोनवर सांगितलं तर तो इतका हसला की मागचे लोक काय झालं म्हणून विचारू लागले.

"तू देवाचं पोस्ट ऑफिस झालीस तर."

"हसू नकोस. मला हे नीट वाटत नाही. त्यांना वाटतंय मी पण प्रार्थना करते."

"नास्तिकाच्या हातून गेलेली प्रार्थना वर पोचते का पण? मध्येच करंट तुटत असेल."

"तारेला कुठे काही मानावं लागतं," मी म्हटलं, आणि माझं मलाच नवल वाटलं की मी तारेची बाजू घेतेय.

पण फसवणूक ती फसवणूकच. दोन-तीन निरोप पुढे गेल्यावर मी तिरिलला गाडीत बसवलं आणि मालेनाच्या घरी गेले. ती धक्क्याच्या वरच्या पिवळ्या घरात राहायची, ऐंशीच्या पुढची, पाठीने ताठ आणि कानाने जवळजवळ बहिरी. फोनचा आवाज तिने मुलाकडून वाढवून घेतला होता. समोरच्या माणसाचा तसा वाढवता येत नाही. तिने वाफल केले होते. तिरिलच्या हातात एक देऊन ती तिच्याकडे बघत बसली. तिरिल दोन घास खाऊन थांबली तशी मी लगेच वाकले.

"किती बघतेस गं तिच्याकडे," मालेना म्हणाली. "काचेची आहे का पोर?"

मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "मालेना, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी देव मानत नाही."

"मोठ्याने बोल."

"मी देव मानत नाही."

"अजून मोठ्याने. या कानाशी ये."

मी त्या कानाशी गेले आणि ओरडून सांगितलं. खिडकी उघडी होती. खाली धक्क्यावर जाळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने मान वर करून बघितलं.

मालेनाने ते डोक्यात नीट बसू दिलं. "मग?" ती म्हणाली. "गुड्रुनला फोन करतेस ना?"

"करते."

"मागणं बदलत नाहीस ना मधल्या मध्ये?"

"नाही."

"बोर्गहिल्ड बदलायची. मी पाय सांगितला की तिकडे दोन्ही पाय व्हायचे. तिला वाटायचं, मागायचंच आहे तर कमी का मागा." तिने माझ्यापुढे तपकिरी चीजची बशी सरकवली. "तू शिकलेली आहेस. तू नीट सांगशील. खा."

"पण मी प्रार्थना करत नाही, मालेना."

"अगं, ते कळलं मला. बहिरी आहे, वेडी नाही."

एवढ्यावर तो विषय संपला. मी मोठं भांडण करायच्या तयारीने गेले होते आणि वाफल खाऊन परत आले.

त्यानंतर फोन येत राहिले. मी निरोप घ्यायचे, गुड्रुनला द्यायचे, आणि खिडकीतून बघायचे, कारण बघणं हा माझा स्वभावच आहे. बघता बघता माझ्या एक लक्षात आलं. ज्याचं नाव फिरायचं त्याच्या घरच्या चिमणीतून थोड्याच वेळात धूर यायचा. कुणीतरी जाऊन शेगडी पेटवायचं, कुणी मेंढ्यांना चारा घालायचं, कुणाची तरी मुलं दुसऱ्याच्या घरी जेवायला बसलेली असायची. मी मनात म्हटलं, आता कळलं. प्रार्थना म्हणजे यांची बातमी पोचवायची रीत आहे. चांगलीच रीत आहे. यातून देव वजा केला तरी सगळं जागच्या जागी राहील.

मी आयविंडला हे मोठ्या समाधानाने सांगितलं. तोही म्हणाला, "मग बरोबर आहे."

मग किर्स्टीचं नाव आलं. किर्स्टी शाळेत शिकवायची, माझ्याहून थोडीच मोठी. तिला काय झालंय हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि आता उपाय उरला नाही हेही. मालेनाचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा हळू होता. "किर्स्टी," ती म्हणाली. "मागणं असं की, आजची दुपार तिला बरी जावी. पुढे गुड्रुनला."

मी गुड्रुनला तसंच सांगितलं. "आजची दुपार," ती म्हणाली. "बरं." आणि फोन ठेवला.

मी तिथेच फोनपाशी उभी राहिले. या खेपेला बघण्यासारखं काही नव्हतं. किर्स्टी गिळत नव्हती, सूप नेऊन काय करणार. तिच्या मुलांना तिची बहीण घेऊन गेली होती. शेगडी पेटवायला नवरा घरातच होता. कुणी काही करण्यासारखं उरलंच नव्हतं, आणि तरी फोन फिरला. किनाऱ्यावरच्या कितीतरी स्वयंपाकघरांत त्या वेळी कुणीतरी हातातलं काम खाली ठेवून त्या एका दुपारकडे तोंड करून बसलं होतं. माझी वजाबाकी इथे जमेना. करण्यासारखं असेल तेव्हा करायचं, ते मलाही येतं. करण्यासारखं काही नसेल तेव्हा काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, बाबांनीही नाही.

"मग तू काय केलंस?" आयविंडने विचारलं.

"काही नाही. तिरिलला मांडीवर घेतलं आणि किर्स्टीची आठवण काढत बसले."

"याला काय म्हणतात माहीत आहे ना?"

"नाही, तसं नव्हतं ते. मी कुणाकडे काही मागितलं नाही."

तो हसला नाही. मागे वाऱ्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "तिरिलचं नाव का नाही देत तू?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. छिद्र आपलं आपण बुजलं तर या बायका म्हणणार, बघ, आम्ही मागितलं म्हणून. नाही बुजलं तर म्हणणार, त्याची इच्छा. दोन्हीकडून ते त्याचं होणार, आणि प्रार्थनाघरात कुणीतरी देवाच्या कृपेची साक्ष देईल त्यातलं माझी मुलगी उदाहरण होऊन बसणार. मी हे सगळं पटपट सांगितलं. पण फोन ठेवल्यावर खरं कारण माझं मला कळलं. साखळीत फिरतात ती नावं खऱ्या आजारी माणसांची असतात. तिरिलचं नाव फिरलं नव्हतं, तोवर ती फक्त जरा हळू खाणारी पोर होती. इतकी शिकलेली बाई मी, आणि नाव उच्चारलं की आजार खरा होतो, अशी माझी श्रद्धा होती.

वसंतात तपासणीची तारीख आली. डॉक्टरांनी पडद्यावर ते हृदय दाखवलं. छोटंसं, घाईत असल्यासारखं धडधडणारं. छिद्र तसंच होतं. आता थांबायला नको, असं ते म्हणाले, आणि पुढच्या महिन्यातली तारीख दिली. येताना फेरीबोटीत तिरिल माझ्या कोटात झोपली. मी सबंध वाट तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी तिच्या श्वासाबरोबर श्वास घेतेय, तिच्यासाठी मोजून दिल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मालेनाचा फोन आला. ओलाफ घरी आला होता. आभार. आणि मागणं असं की, त्याची मुलगी त्याची सेवा करायला आली आहे, तर तिला धीर मिळावा, कारण बापाचं तोंड अजून बंद झालेलं नाही.

मी गुड्रुनला फोन लावला, निरोप सांगितला. ती "बरं" म्हणाली. ती आता ठेवणार हे मला कळलं.

"आणि तिरिल," मी म्हणाले.

"कोण तिरिल?"

"माझी मुलगी."

"हे मालेनाने सांगितलं?"

"नाही. मीच सांगतेय."

मग मी छिद्राचं सांगितलं, तारखेचं सांगितलं. माझा आवाज अगदी नीट होता, एखाद्या परक्या मुलीची हकिकत सांगावी तसा. गुड्रुन म्हणाली, "मागणं काय?"

मला ते सुचलंच नव्हतं. नाव आणि मागणं, दोन्ही लागतं. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. छिद्र बुजावं असं मागू? ते बुजणार नाही हे मी पडद्यावर पाहिलं होतं. डॉक्टरांचे हात स्थिर राहावेत? ते त्यांनी शिकून मिळवलेलं होतं, कुणाकडे मागून नव्हे. ज्याच्यावर माझा विश्वास नाही त्याच्याकडे मी खोटं मागणं कसं धाडू? आणि गुड्रुन थांबली होती. तिने घाई केली नाही.

"मला बसता यावं," मी म्हणाले. "ते तिला आत घेऊन जातील. मग बाहेर बसायचं असतं. मला नाही वाटत मला बसता येईल."

"बसता यावं," गुड्रुनने तपासून घेतल्यासारखं म्हटलं. "एवढंच?"

"एवढंच."

"आणि मी माझ्या मनाने त्यात काही वाढवलं तर?"

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हणाले, आणि मग मला रडू आलं. ती फोनवर थांबून राहिली. पुष्कळ वेळाने म्हणाली, "आता एक अडचण आहे. तू मला सांगितलंस, मी पुढे सांगीन. पण मालेनाला कसं कळणार? साखळी उलटी जात नाही."

"मी जाऊन सांगते तिला."

"नको. ओरडून सांगावं लागतं तिला. हे काही तू ओरडून सांगायचं नाही," ती म्हणाली. "मी बघते."

संध्याकाळी मालेनाचा फोन आला.

"तुझ्या गुड्रुनचा फोन आला होता," ती म्हणाली. "आवाज म्हातारा झालाय तिचा."

"काय म्हणाली?"

"आधी काहीच नाही. मी म्हटलं, बाई, बोलायचं तर बोल, बिल तुझं वाढतंय. मग बोलली. मी त्या पोरीला काचेची म्हणाले होते. तू मला वाफल फेकून मारायला हवा होतास."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आयविंड यायचा होता. समुद्रावर धुकं उतरलं आणि हेलिकॉप्टर उडालं नाही. तो तिकडून दर तासाला फोन करत होता, आणि त्याचा आवाज ऐकून मीच त्याला धीर देत होते. सकाळी त्यांनी तिरिलला माझ्या कडेवरून घेतलं. तिने मागे वळून बघितलं, रडली नाही. दार लागलं. मी प्रतीक्षागृहात आले, तर भिंतीजवळच्या खुर्चीवर रविवारचा निळा कोट घालून एक बारीकशी म्हातारी बसली होती, मांडीवर पिशवी.

मी तिला कधी बघितलं नव्हतं. इतके महिने फक्त आवाज ऐकला होता.

"मी गुड्रुन," ती म्हणाली. "तू बसता यावं म्हणालीस. मालेना म्हणाली, एकटीला काय बसता येतंय, कुणीतरी बसायला जायला हवं. तिला ऐकू येत नाही, म्हणून मी आले. पहिल्या बोटीने."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. तिने थर्मास काढून कॉफी ओतली आणि माझ्याकडे निरखून बघत राहिली. मी घोट घेतला. चांगली आहे, म्हटलं. मालेना अगदीच खोटं बोलत नव्हती.

"मोठ्याने करू की मनात?" तिने विचारलं.

"मनात."

तिने पिशवीवर हात जोडले, डोळे मिटले, आणि लगेच उघडले.

"झालं?"

"झालं. त्याला काय भाषण द्यायचंय? आता बसायचं."

बसलो. मी त्या दाराकडे बघत होते. ती तिचं विणकाम काढून बसली. बऱ्याच वेळाने, विचारू नये ते मी विचारलं. "आणि तो नाही म्हणाला तर?"

तिच्या सुया थांबल्या नाहीत. "म्हणतो कधी कधी," ती म्हणाली. "माझा आर्नफिन. शाळेत जायला लागला होता नुकताच. ताप डोक्यात गेला. तेव्हाही साखळी फिरली होती. सगळ्यांनी मागितलं. मालेनाने तर जेवण सोडलं होतं."

"मग?"

"मग काय. नाही म्हणाला."

"आणि तरी तुम्ही..."

"तरी कसलं. मी रागावले होते. खूप दिवस प्रार्थना केलीच नाही मी. वर्षं गेली म्हण ना. चर्चमध्ये जायचे, ओठ हलवायचे, आत काही नाही. पण बोर्गहिल्डचा फोन यायचा, आणि मी पुढे सांगायचे. अमक्याचा पाय, तमक्याचं बाळंतपण. मला वाटायचं, माझ्याच्याने होत नाही, पण पुढच्या बायका करतायत ना. माझ्या वाटची त्याच करत असतील. मी मध्ये तोडून कशाला टाकू?"

"बोर्गहिल्डला ठाऊक होतं?"

"एकदा तिने विचारलं, गुड्रुन, करतेस का गं? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, बरं, उद्या वारा आहे, कपडे आत घे." गुड्रुनने लोकर सोडवून घेतली. "पुढे कधीतरी परत आलं. कसं ते मला विचारू नकोस, मला माहीत नाही. अजूनही रोज असतंच असं नाही. नसतं त्या दिवशी नुसता फोन करते."

मी तिच्या हातांकडे बघत होते. सुरकुतलेले, नखं तासून कापलेली, मधल्या बोटाला लोकरीचा वळ पडलेला. तिच्याशी बोलणारा वर कुणी आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ते हात माझ्या मुलीसाठी मागून झाले होते, त्याच हातांनी एकदा मागून काही मिळालेलं नव्हतं, आणि तरी ते पहिल्या बोटीने आले होते. याला खोटं म्हणायला माझ्याकडे शब्द नव्हता. मी तिच्याकडून लोकरीचा गुंडा मागून घेतला आणि धरून बसले. दार काही वेळ माझ्या बघण्याविनाही बंद राहू शकतं, असं वाटलं.

दुपार कलायला लागली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. टोपी अजून डोक्यावर होती. मी लोकरीचा गुंडा धरून बसलेलीच होते, म्हणून तेच माझ्यासमोर उकिडवे बसले. "शिवून झालं," ते म्हणाले. "छान झालं. रंग आत्ताच वेगळा दिसतोय तिचा. थोड्या वेळाने आत सोडतील तुम्हाला."

मी गुड्रुनकडे बघितलं. आता ती म्हणणार, देवाची कृपा, आणि मला तिचं तेही ऐकून घ्यायचं होतं. मी तयार होते. गुड्रुनने डॉक्टरांना नीट न्याहाळलं.

"तुम्ही काही खाल्लंत का?" तिने विचारलं.

त्यांनी आठवून बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला वाफल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तिथेच, उकिडव्यानेच खाल्ला, मोठे घास घेत, आणि कागद घडी करून तिला परत दिला.

मी आधी आयविंडला फोन केला. धुकं उठलंय एवढंच तो म्हणाला. मग नाणी टाकून मालेनाला लावला.

"झालं," मी ओरडले. व्हरांड्यातून जाणारी नर्स दचकली. "मालेना, झालं. बरी आहे."

"आणि तू? बसता आलं?"

"आलं."

पलीकडे ती नाक शिंकरत होती. सावकाश, नीट. "मग आता आभाराचा निरोप पाठवायचा," ती म्हणाली. "तशी रीत आहे. तुला चालेल ना? का नको?"

मी कपाळ भिंतीला टेकलं. काचेपलीकडे गुड्रुन आपला कोट काढून दोन खुर्च्यांवर पसरत होती, मला जरा आडवं व्हायला.

"पाठवा," मी म्हटलं. "पण डॉक्टरांचं नाव पण घाला त्यात. त्यांचेही आभार."

"घालते की. नाव काय?"

"होगस्ताद."

"कुठले होगस्ताद? बेटावरचे की आतल्या दरीतले?"

"मला नाही माहीत, मालेना."

"आई आहे का त्याची?"

"मी नाही विचारलं."

"मग विचार ना," मालेना म्हणाली. "कुणाचा कोण कळल्याशिवाय मी त्याचं काय मागू? जा. मी थांबते फोनवर."

मी रिसीव्हर तसाच लोंबकळत ठेवला, नर्सला तो ठेवू नका म्हणून खूण केली, आणि डॉक्टर होगस्तादांची आई कुठे राहते ते विचारायला निघाले.